लेन्स नागपुरात, बॉडी पुण्यात

विश्रांतवाडी, पुणे
२१ जुलै २०२४

दशरथ,

तू बरा आहेस असं धरून लिहितो. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू तिकडून ओरडतोस, मी इकडून ओरडतो, आणि खालच्या मजल्यावरचे लोक भांडण मिटवायला वर येतात. सगळी नोकरी कारखान्यात घणाच्या खात्यात गेली, कान तिथंच राहिले. आपल्याला पत्रच बरं.

कामाचं लिहितो. मला पंच्याहत्तरी लागतेय म्हणून रुपालीनं कॅमेऱ्याचं काहीतरी घेऊन द्यायचं ठरवलंय. "बाबा, एकच सांगा. बॉडी की लेन्स?" दोन्ही नाही, एकच. लेक देते म्हणाली याचा आनंद व्हायला हवा. मला त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

रुपाली म्हणते, यात विचार कसला? बॉडी घरात आहे, लेन्स नाही, मग लेन्स घ्या. तिला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हटलं, अगं, रिटायर झाल्यावर आम्हा दोघांना विमानांचं वेड लागलं तेव्हा अख्खा कॅमेरा एकट्याला झेपणारा नव्हता. म्हणून बॉडी मी घेतली आणि ती हातभर लांब लेन्स दशरथनं. सांगलीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून, स्वारगेटच्या फलाटावर, त्याची एसटी सुटायच्या आत. कॅमेऱ्याचा स्टँड घ्यायची ताकद दोघांचीही उरली नाही. म्हणून गच्चीवर दशरथ पुढं स्टुलावर बसायचा. लेन्स त्याच्या डाव्या खांद्यावर. मी मागं, डोळा बॉडीला. आवाज दोघांनाही येत नाही, म्हणून त्याचा तळहात पाण्याच्या टाकीवर. टाकी थरथरली की तो म्हणायचा "आलं!" आणि श्वास धरायचा. मी बटण दाबायचो. फोटोखाली नाव दोघांचं.

राधावहिनी गेल्यावर तुझ्या अभयनं तुला नागपूरला नेलं. तू तुझी लेन्स नेलीस. तुझीच होती ती.

आता दर हिवाळ्यात तू येतोस तेव्हा कॅमेरा पुरा होतो. बाकीचे महिने माझी बॉडी स्टीलच्या डब्यात ओल शोषायच्या पुड्या उशाला घेऊन पडलेली असते. त्यात तिचं शटर अडकायला लागलंय. म्हणून विचारतो. नवी बॉडी घेतली तर तू लेन्स घेऊन येईपर्यंत वाट बघावी लागेल. लेन्स घेतली तर वाट बघावी लागणार नाही.

काय घेऊ? तू सांगशील ते घेतो.

तुझा
हिंमतराव

---

नागपूर
३० जुलै २०२४

हिंमत,

जय भीम. लेन्स घे.

पत्र इथंच संपत होतं, पण वहिनी म्हणतील भाऊजींनी पाकीट रिकामंच पाठवलं. म्हणून थोडं लिहितो.

शटर दुरुस्त होतं. पण विमान लांब असेल तर बॉडी कितीही भारी घे, माशीच येणार. आणि हल्लीच्या लेन्स हलक्या असतात. हात हलला तरी चित्र हलू नये अशी सोय त्यांच्यात आतच असते. मागं कुणी, पुढं कुणी, स्टूल, टाकी, असली सर्कस करावी लागत नाही. कुणाच्या खांद्याची गरज नाही. इतक्या वर्षांत मला बटणाला बोट लावू दिलं नाहीस, आता खांद्याचेही उपकार राहणार नाहीत. खूश हो.

इकडे पाऊस आहे. मी घरातच असतो. खालच्या मजल्यावर विक्रम म्हणून एक जण राहायला आलाय, बँकेत आहे, त्याला विमानांचा नाद आहे. संध्याकाळी वर येतो. वेळ जातो.

वहिनींना नमस्कार.

दशरथ

---

विश्रांतवाडी, पुणे
९ ऑगस्ट २०२४

दशरथ,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. वेणू म्हणाली, "एवढं काय आहे त्यात? लेन्स घे म्हणालेत, घ्या." तिला कळायचं नाही.

"कुणाच्या खांद्याची गरज नाही" हे तू लिहिलंस. मी म्हटलं होतं का कधी, तुझा खांदा मला जड झाला? भार तुझ्यावर होता, माझ्यावर नाही. आणि सर्कस म्हणालास. पहिल्यांदा ते पंखेवालं विमान आपण धरलं आणि पंखे फिरताना आले, गोठलेले नाहीत, तेव्हा गच्चीवर उभा राहून टाळ्या वाजवणारा कोण होता? मी नव्हतो. माझे हात कॅमेऱ्यात होते.

बटणाचं म्हणशील, तर तो ठराव तूच केला होतास. ज्याची बॉडी त्याचं बटण. स्वारगेटला उसाचा रस पीत ठरलं होतं. आता टोमणा मारू नकोस.

तरी तुझ्या शब्दाला मान देऊन शनिवार पेठेत त्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालक पेपर वाचत होता. म्हटलं, विमानांचे फोटो काढायचेत, बॉडी घ्यावी की लेन्स? पेपर खाली न करता म्हणाला, "दोन्ही घ्या."

म्हटलं, एकच घ्यायचंय.

"मग कबुतरांचे काढा. ती जवळ येतात."

मी निघालो तेव्हा त्यानं पेपर खाली केला आणि विचारलं, "आत्ता काय काय आहे तुमच्याकडे?" मी सांगितलं, बॉडी माझी, लेन्स मित्राची, मित्र नागपूरला. तर म्हणतो, "आजोबा, मग तुम्हाला कॅमेरा नकोय. तुम्हाला मित्र हवाय. तो आमच्याकडे नाही."

असली माणसं दुकान उघडून का बसतात? पण बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून सरळ विचारतो. या हिवाळ्यात तू येणार आहेस ना? येणार असशील तर मी बॉडी घेतो. लोहगावची विमानं थंडीत सकाळी किती स्वच्छ दिसतात ते तुला सांगायला नको. ऊन चढलं की हवा लहरायला लागते, मग जगातली कुठलीच लेन्स कामाची नाही. तू म्हणशील त्या दिवशी स्टूल धुऊन ठेवतो.

आणि तो विक्रम तुझ्या लेन्सला हात लावत नाही ना? काचेवर बोट उमटलं की जात नाही. सांगून ठेव.

हिंमतराव

---

नागपूर
२२ ऑगस्ट २०२४

हिंमत,

जय भीम. या हिवाळ्यात येणं जमणार नाही. विशेष काही नाही. प्रवास नको वाटतो.

लेन्स घे. घोळ घालू नकोस.

तो दुकानदार मला आवडला.

दशरथ

---

विश्रांतवाडी, पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

दशरथ,

मुद्दाम इतके दिवस लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. काल रुपाली आली होती. मोबाईलवर तुमच्या नागपूरच्या विमानवाल्या मंडळींचं पान दाखवलं. मी मागितलं नव्हतं, तिनंच दाखवलं, "बाबा, दशरथकाका बघा."

बघितलं.

उतरणाऱ्या विमानाचा फोटो आहे. चाकं बाहेर, पोटाखालचे दिवे लागलेले. चांगला आहे. मी वाईट म्हणणार नाही. रबराचा धूर उठायच्या आधीचा क्षण आहे आणि तो कुणालाही साधत नाही. त्याखाली लिहिलंय: विक्रम आणि दशरथ.

त्याचं नाव पहिलं.

त्याखाली दुसरा फोटो. तू खुर्चीत बसलास आणि तो पोरगा शेजारी उभा, हात तुझ्या लेन्सवर. चांगला मालकासारखा. आणि तुझ्या अंगावर शाल! ऑक्टोबरच्या उन्हात, नागपुरात! मी काय ते समजलो. सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. नारळ त्या फोटोत आला नाही इतकंच. होऊ दे. माणसाचा सत्कार व्हावा. पण त्या सत्कारातली अर्धी शाल माझी होती हे तुला तिथं कुणाला सांगावंसं वाटलं का? तुला विमान धरायला कुणी शिकवलं? म्हणजे तूही मला शिकवलंस, पण ती गोष्ट वेगळी.

आता कळलं "प्रवास नको वाटतो" म्हणजे काय ते. आता कळलं "लेन्स घे" म्हणजे काय. माझी सोय लावून मोकळा झालास. पोरीचं लग्न उरकावं तसं.

मला एवढंच सांग. त्यानं लेन्स ठेवली ती कुणाच्या खांद्यावर? "आलं" कोण म्हणालं? आणि श्वास कुणी धरला? मला खरं सांग, माझं काही म्हणणं नाही.

ऐकून आनंद होईल तुला, मी लेन्स घेतली. नवी कोरी. तुझ्या लेन्सपेक्षा लांब. गच्चीवरून विमानाच्या खिडकीतला माणूस ओळखू येतो. तुझ्या शब्दाप्रमाणेच केलं. आता कुणाची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही.

सत्काराबद्दल अभिनंदन.

हिंमतराव

---

नागपूर
२३ ऑक्टोबर २०२४

हिंमत,

जय भीम. लेन्सबद्दल अभिनंदन.

खिडकीतल्या माणसाचा एक फोटो पाठव. ओळखीचा निघाला तर सांगतो.

दशरथ

---

विश्रांतवाडी, पुणे
५ नोव्हेंबर २०२४

दशरथभाऊजींना वेणूचा नमस्कार,

हे ह्यांना न सांगता लिहितेय. दिवाळीचा फराळ वेगळा पाठवला आहे, चकल्या मोडल्या असतील तर टपालवाल्याला बोला, मला नको.

भाऊजी, लेन्स घेतली म्हणून ह्यांनी तुम्हाला लिहिलं ते खोटं आहे. तुमचं शेवटचं पत्र आलं, फोटो पाठव म्हणून, तेव्हापासून हे गच्चीवर जात नाहीत. विमान गेलं की माझी भांडी वाजतात, तेव्हा हे मान खाली घालून वाटाणे सोलतात.

झालं ते सांगते. तुमचा तो फोटो बघितला त्याच संध्याकाळी रुपालीला घेऊन शनिवार पेठेत गेले. मीही गेले होते. दुकानात उभे राहून म्हणाले, "दशरथची लेन्स ज्याला बसणार नाही असा कॅमेरा द्या."

दुकानदार म्हणाला, "दशरथ कोण?"

हे म्हणाले, "त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

त्या माणसानं बराच वेळ समजावलं. म्हणाला, "आजोबा, तुमच्याच कंपनीची नवी बॉडी घ्या, जुनी लेन्स एक कडं लावून तिला चालेल. दुसऱ्या कंपनीची घेतलीत तर ती लेन्स कायमची गेली." हे म्हणाले, "तेच पाहिजे. दुसऱ्या कंपनीचीच द्या." माणसं घटस्फोटाला एवढा विचार करतात. ह्यांनी पाच मिनिटांत उरकलं. रुपाली तोंड फिरवून हसत होती. मला हसू आलं नाही. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं ह्यांचं तोंड झालं होतं.

आता नव्या कॅमेऱ्याबरोबर आलेली एक बोटभर लेन्स आहे. तिच्यातून विमान म्हणजे तांदळातला खडा. पहिल्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले, स्टूल धुतलं, पुढं मांडलं आणि त्या रिकाम्या स्टुलामागं उभे राहून फोटो काढले. खाली येऊन म्हणाले, कॅमेरा वाईट निघाला. जुना अजून डब्यात आहे. त्याच्या पुड्या दर आठवड्याला बदलतात. मी बघते हे कळलं की डबा तांदळाचा समजून उघडला असं दाखवतात. भाऊजी, ह्यांनी आजवर कधी तांदूळ काढलेत का?

आता माझं विचारायचं विचारते. तो फोटो मी रुपालीकडून मोठा करून बघितला. हे शाल शाल करून चिडलेत, पण मला ती सत्काराची वाटली नाही. सत्काराची शाल दोन्ही खांद्यांवर असते आणि माणूस घरी आला की तिची घडी होते. तुमची एकाच खांद्यावर होती, डाव्या. आणि खालून हात दिसत नव्हता.

भाऊजी, हाताला काय झालंय?

खरं लिहा. ह्यांना लिहा, मला नको. मला लिहिलंत तर ह्यांना त्याचाही त्रास होईल, वहिनीला आधी का लिहिलं म्हणून.

वेणू

---

नागपूर
१६ नोव्हेंबर २०२४

हिंमत,

जय भीम. वहिनींचं पत्र आलं. रागावू नकोस. चकल्या मोडल्या नव्हत्या.

सत्कार बित्कार काही नाही. जूनमध्ये न्हाणीघरात घसरलो. डावा खांदा. आत पट्टी आणि स्क्रू घातलेत, आपल्या खात्यात साच्याला बसवायचे तसे. हाड लवकर जुळेना, म्हणून हात झोळीत होता. झोळीतल्या हाताचा फोटो नको म्हणून वरून शाल टाकली. तू त्यात नारळ शोधत बसलास.

डॉक्टर म्हणाला, बाकी सगळं कराल, पण त्या खांद्यावर वजन नाही. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, तुमचं वय किती? मी समजलो.

तुला तेव्हाच का लिहिलं नाही ते सांगतो. एक तर तू दुसऱ्या दिवशी इथं येऊन बसला असतास आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा म्हणून अभयशी भांडला असतास. दुसरं, तुझं जुलैचं पत्र. तू विचारलंस, बॉडी की लेन्स. मी बहिरा आहे, खुळा नाही. मला कळलं तू काय विचारतोयस. बॉडी घे म्हटलं असतं तर तू हिवाळ्यात स्टूल धुऊन बसला असतास, आणि स्टुलावर बसायला माणूस नाही. म्हणून लेन्स घे म्हटलं. तुझी गच्ची चालू राहावी, माझ्यासाठी अडू नये. ते तुला पोरीच्या लग्नासारखं वाटलं. वाटू दे. मलाही लिहिताना तसंच वाटलं होतं.

विक्रमचं सांगतो, एकदाच. लेन्स पावसाळाभर कपाटात होती, काचेवर बुरशीचा ठिपका दिसला. वापरली नाही तर गेली असती. म्हणून त्याला म्हटलं, तुझ्या बॉडीला बसते का बघ. बसली. खांदा कुणाचा विचारतोस. लोखंडाचा. त्याच्याकडे तीन पायांचा स्टँड आहे. "आलं" कुणीच म्हणत नाही, त्याच्या मोबाईलवर विमान आधीच दिसतं, कुठून निघालं आणि कुठं चाललंय तेसुद्धा. मी खुर्चीत बसतो. पहिल्या दिवशी त्यानं मला म्हटलं, काका, बटण तुम्ही दाबा. मी नको म्हटलं. सवय नाही.

नाव त्यानं घातलं, लेन्स माझी म्हणून. मी काही केलं नव्हतं. श्वास मात्र धरला होता. तो आपोआप धरला जातो.

आता माझंही ऐक. तू लिहिलंस, नवी लेन्स घेतली, तुझ्यापेक्षा लांब. त्या दिवशी मी माझी लेन्स कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवली. विक्रम वर आला तर त्याला म्हटलं आज डोकं दुखतंय. पुण्यात कुणीतरी दुसऱ्या लेन्समधून माझी विमानं बघतंय, हे काही गोड वाटत नव्हतं. वहिनींचं पत्र आलं तेव्हा नीट जेवलो. तेव्हा एकटा तूच जळकुकडा आहेस असं समजू नकोस.

अभय पुढच्या महिन्यात कामासाठी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर लेन्स पाठवतो. ठेवून घे, कायमची. जुन्या बॉडीचं शटर दुरुस्त कर. नव्या बॉडीला ती बसणार नाही, ती व्यवस्था तू केलीच आहेस. स्टँड मात्र विकत घे. मी लोखंडावर राग धरणार नाही.

वहिनींना नमस्कार. नजर त्यांची आहे. बटण त्यांच्याकडे असायला हवं होतं.

दशरथ

---

विश्रांतवाडी, पुणे
२ डिसेंबर २०२४

दशरथ,

पत्र वाचलं. वेणूकडून मोठ्यानं वाचून घेतलं, म्हणजे तिला ओरडावं लागलं, म्हणजे आता खालच्या मजल्यालाही तुझा खांदा माहीत आहे. दोघं जण विचारून गेले.

खोटं लिहिलं ते लिहिलं. त्यावर अधिक बोलायला लावू नकोस. पण तूही जूनपासून खोटंच लिहीत होतास, तेव्हा फिटंफाट. माझं खोटं तरी आनंदाचं होतं.

स्क्रू किती घातलेत? कुठल्या धातूचे? गंज धरणार नाही ना? थंडीत दुखत असेल. रात्री त्या कुशीवर झोपू नकोस. आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवली का? अभयला म्हणावं हिंमतकाका विचारतायत. तो दुसरा डॉक्टर कोण आहे तिकडे, त्याचं नाव कळव.

लेन्स अभयबरोबर पाठवू नकोस. तो पोरगा बॅग डोक्यावरच्या फळीवर फेकतो, मी बघितलंय. आणि कायमची ठेव वगैरे लिहू नकोस. तुझी आहे. तुझ्याकडेच राहील.

जुन्या बॉडीचं शटर दुरुस्त करून घेतलं. त्याच दुकानात. मालकानं डबा उघडला, पुड्या बघितल्या आणि म्हणाला, "दशरथ आले वाटतं." म्हटलं, आला नाही, मी जातोय.

तर मी येतोय. पुढच्या शनिवारी सकाळी पोचेन. तिकीट रुपालीनं काढलंय, खालचा बर्थ मिळाला आहे, तो दुसऱ्या कुणी घेतला नाही म्हणजे झालं. बॉडी मांडीवर घेऊन येतो, सामानात टाकत नाही. वेणू येत नाही. नवा कॅमेरा तिनं घेतला. बोटभर लेन्स तिला बरोबर पुरते. परवा मंडईत जाऊन वांग्यांचे फोटो काढून आली, भाजीवाली ओरडली, "आजी, घ्यायची तर घ्या, फोटो काय काढता!" फोटो चांगले आलेत. वांग्यांवरचा चमकारा असा आलाय की मलाही जमला नसता. ते मी तिला सांगितलेलं नाही.

स्टँड घेतलेला नाही, घेणार नाही. मी रोज सकाळी दोन पितळी तांबे पिशवीत घालून डाव्या खांद्यावर धरून बघतो. नळाची बादली भरेपर्यंत न हलता धरता येतात. तुझ्याइतकं नाही जमत. तू दगड होतास. पण जमेल.

म्हणजे असं. स्टुलावर मी बसेन. लेन्स माझ्या खांद्यावर. तू मागं. तुझा उजवा हात बरा आहे ना? मग बटण तू दाब. हलकं दाबायचं, आधी अर्धं, मग पुरं. अर्धं दाबल्यावर थांबायचं असतं, ते मी तिथं आल्यावर सांगीन, विक्रमला विचारू नकोस. नागपूरला गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? नसली तर दुसरं काहीतरी बघू, तळहात ठेवायला. "आलं" मी म्हणेन. श्वास दोघांनी धरू.

नाव कुणाचं पहिलं ते तिथं भांडू.

आणि एक विनंती. शनिवारी त्या विक्रमला वर बोलावू नकोस. मुलगा चांगला असेल. रविवारी भेटेन त्याला. शनिवारी नको.

तुझा
हिंमतराव